फेज १ ट्रायल म्हणजे प्रयोगच ना? कार-टी बद्दल एका भावाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर

दादा, तुमचा प्रश्न काल रात्री ड्युटीवरून घरी येताना लोकलमध्ये वाचला, दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून आज सुट्टी आहे तर नीट बसून लिहितेय. तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात परत सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ २७ वर्षांचा, बी-सेल एएलएल (वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर), पहिल्या केमोनंतर बरा झाला, दीड वर्षाने आजार उलटला, परत केमो, आणि आता चार महिन्यांतच दुसऱ्यांदा उलटलाय. घरात बोन मॅरोसाठी मॅच होणारा डोनर नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की कॅन्सर पेशींवरच्या सीडी १९ आणि सीडी २२ अशा दोन्ही खुणांवर काम करणाऱ्या नव्या कार-टी सेलची (पेशंटच्याच पेशी लॅबमध्ये बदलून केलेलं औषध) फेज १ ट्रायल चालू आहे, भाऊ त्यात बसू शकतो, आणि थेरपीचे पैसे लागणार नाहीत. आई म्हणते माझ्या लेकरावर प्रयोग नको. बाबा म्हणतात फुकट मिळतंय तर वेळ का घालवताय. आणि तुमचा प्रश्न, फेज १ म्हणजे गिनीपिगच ना, हो म्हणावं का नाही.

मी अकरा वर्षं रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होते, गेली सहा वर्षं क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. डॉक्टर नाही, आणि तुमच्या भावाचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, त्यामुळे हो म्हणा किंवा नाही म्हणा असं मी सांगणार नाही आणि इथे कुणी तसं छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण असा निर्णय घेताना घरची माणसं कुठे अडकतात आणि कुठल्या गोष्टी विचारायच्या राहून जातात ते मी रोज बघते, तेवढं नक्की सांगू शकते.

पहिली गोष्ट. आई आणि बाबा भांडतायत ते 'प्रयोग' आणि 'फुकट' या दोन शब्दांवरून. प्रयोग आहे का? हो, आहे, आईला कुणीही गोड बोलून नाही म्हणून सांगू नये. फुकट आहे का? बराचसा, पूर्ण नाही, त्यावर खाली येते. पण निर्णय या दोन शब्दांवर होत नाही. निर्णय होतो तो यावर की भावाच्या हातात वेळ किती आहे, या ट्रायलशिवाय आत्ता दुसरे कुठले मार्ग खरोखर उघडे आहेत, आणि ट्रायलमध्ये गेल्यावर त्यातला कुठला बंद होतो. या तिन्हीची उत्तरं तुमच्या पोस्टमध्ये नाहीत, आणि मला वाटतं डॉक्टरांनाही ती अजून स्पष्ट विचारली गेलेली नाहीत.

आता फेज १ म्हणजे काय. साध्या गोळीची फेज १ असेल तर बऱ्याचदा ती निरोगी माणसांवर होते, चार पैसे घेऊन लोक येतात. कार-टी मध्ये तसं करताच येत नाही, कारण औषध म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या टी-सेल्स (आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतात, त्या काढून लॅबमध्ये त्यांच्यात नवीन जीन घालतात (बहुतेक वेळा लेंटिव्हायरस नावाच्या वाहकातून), म्हणजे त्यांच्या अंगावर कॅन्सर ओळखणारा हुक उगवतो, मग त्यांची संख्या वाढवून परत त्याच माणसाला देतात. त्यामुळे इथे पहिल्या पेशंटपासूनच ज्यांचा आजार उलटलाय आणि नेहमीचे उपाय संपत आलेत अशीच माणसं घेतात. भावाचं नाव पुढे आलं ते त्यामुळे, तो गरीब घरचा आहे म्हणून नाही. आईला हे वाक्य जरूर सांगा, आमच्याकडे निम्म्या घरांत ही शंका मनात असते आणि कुणी तोंडावर विचारत नाही.

फेज १ चा मुख्य प्रश्न एकच असतो, किती डोस दिला तर माणसाला झेपतो. बरा होतो का हेही बघतात, नोंदवतात, पण ट्रायलची सगळी मांडणी पहिल्या प्रश्नासाठी केलेली असते. खूप ठिकाणी तीन-तीन अशी पद्धत असते. तीन पेशंटना एक डोस द्यायचा, साधारण २८ दिवस बघायचं, तिघांपैकी कुणालाही ठरवून ठेवलेला गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं घ्यायचे. दोघांना झाला तर तिथेच थांबायचं, आणि खालचा डोस हाच झेपणारा धरायचा. यावरून तुमच्या लक्षात येईल की डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे की आत्तापर्यंत किती जणांना दिलंय, आत्ता कुठल्या डोसवर आहात, आणि आमचा नंबर कितवा. पहिल्या गटातला पेशंट असेल तर डोस कमी, त्रासाची शक्यता कमी, पण डोस कमी पडण्याचीही शक्यता आहे. शेवटच्या गटात उलटं. कार-टी मध्ये हे गणित गोळीसारखं सरळ चालत नाही हेही खरंय, कारण या पेशी जिवंत आहेत, अंगात गेल्यावर वाढतात, शरीरात कॅन्सर जास्त असेल तर जास्तच वाढतात, त्यामुळे थोड्या पेशी दिलेल्या माणसातही त्या भराभर वाढून काम करू शकतात आणि त्रासही देऊ शकतात. म्हणून मी सांगते की आकड्याला घाबरूही नका आणि त्यावर विसंबूही नका, पण विचारा नक्की.

आणि पहिल्या काही पेशंटमध्ये मुद्दाम दिवसांचं अंतर ठेवतात. ते का, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारात सहा निरोगी तरुणांना एक नवीन अँटीबॉडी दिली होती, टी-सेल्सना चेतवणारी, आणि सहाही जणांना एकामागून एक काही मिनिटांच्या अंतराने दिली. पहिल्याला त्रास सुरू झाल्याचं नीट कळेपर्यंत बाकीच्यांच्या अंगात औषध गेलेलं होतं. सहाही जण आयसीयूत. सगळे वाचले पण अवयव निकामी होण्यापर्यंत गेले. तेव्हापासून जगभर हा धडा पक्का झालाय. दुसरा धडा कार-टी मधलाच आहे, अमेरिकेत आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या एका बाईला सुमारे एक हजार कोटी पेशी एकदम दिल्या गेल्या, ज्या खुणेवर त्या पेशी जाणार होत्या ती खूण थोड्या प्रमाणात फुप्फुसावरही होती, पंधरा मिनिटांत श्वास लागला आणि पाच दिवसांत ती गेली. २०१० साली हे सगळं उघडपणे छापून आलं. आज ट्रायलवाले कमी डोसपासून सुरू करतात, खूण निवडताना शंभर वेळा तपासतात, ते त्या बाईमुळे. सीडी १९ आणि सीडी २२ या खुणा मुख्यतः बी-सेल्सवर (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) असतात, आणि बी-सेल्स गेल्या तरी माणूस जगू शकतो, इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं देऊन सांभाळता येतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ही थेरपी आधी चालली त्याचं मोठं कारण हेच.

आता 'दुसरे मार्ग' याकडे येते, कारण इथे तुमच्याकडून एक गोष्ट सुटलीय असं वाटतं. कार-टी म्हणजे सगळीच प्रायोगिक असं नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या लॅबमध्ये तयार झालेली आणि टाटा मेमोरियलसोबत तपासलेली नेक्सकार१९ ही सीडी १९ वरची थेरपी ऑक्टोबर २०२३ मध्ये सीडीएससीओने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मंजूर केलीय, १५ वर्षांवरच्या, आजार उलटलेल्या किंवा औषधाला दाद न देणाऱ्या बी-सेल ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी. म्हणजे वयाने आणि आजाराने तुमचा भाऊ त्यात बसण्यासारखा आहे. बाजारात आली तेव्हा किंमत ३० ते ४० लाखांच्या घरात सांगत होते, शिवाय हॉस्पिटलचा खर्च. अमेरिकेत २०१७ साली पहिली मंजूर थेरपी आली तिची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती, त्या मानाने कमी, पण तुमच्या-माझ्या घराला ३० लाख म्हणजे शेत, घर, दागिने सगळं. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारा, मंजूर असलेली थेरपी त्याला चालेल का, आणि चालत असेल तरी तुम्ही ही नवी ट्रायल सुचवताय ते पैशामुळे की आजाराच्या कारणामुळे. दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात, पण ती वेगळी आहेत. आजाराचं कारण असं असू शकतं की दुसऱ्या वेळी आजार उलटल्यावर कॅन्सर पेशींवरची सीडी १९ ची खूण पुसट झालीय, मग फक्त सीडी १९ वरची थेरपी देऊन उपयोग नाही, दोन खुणांवरची जास्त शहाणपणाची. आधी ब्लिनाटुमोमॅब नावाचं अँटीबॉडीचं औषध दिलेलं असेल तर ही शंका अजून वाढते कारण तेही सीडी १९ वरच काम करतं. म्हणून आत्ता उलटल्यानंतरच्या बोन मॅरोचा फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट काढा, जुना नको, आणि त्यात सीडी १९, सीडी २२ किती टक्के पेशींवर आहे ते बघा.

आकड्यांबद्दलही एक सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की नेटवर ७३ टक्के वाचलं. तो आकडा खरा आहे. नेक्सकार१९ च्या फेज १ आणि २ चे निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेत, फेज १ मध्ये १४ आणि फेज २ मध्ये ५० असे ६४ पेशंट, आणि परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांमध्ये आजार हटला किंवा बराच कमी झाला. पण तो आकडा त्या थेरपीचा आहे, तुमच्यासमोर असलेल्या नव्या थेरपीचा नाही, तो इथे लावू नका. आणि 'रिस्पॉन्स' म्हणजे 'कायमचा बरा' असं नाही, काहींचा आजार नंतर परत येतो. त्याच अभ्यासात थेरपीशी संबंधित दोन मृत्यूही नोंदलेत, तेही वाचा. शिवाय टक्केवारी कुणावरून काढलीय हे बघायची सवय लावा. बऱ्याच अभ्यासांत पेशी प्रत्यक्ष मिळालेल्यांचाच हिशोब असतो. ज्याचं नाव नोंदवलं, रक्त काढलं, पण पेशी तयार होईपर्यंत आजार बळावला, तो त्या टक्क्यात नसतो. माझ्या रजिस्टरमध्ये मात्र त्यांची नावं असतात.

हा मधला काळ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी अफेरेसिस, म्हणजे मशीनवर बसवून रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून घेणं, तीन ते पाच तास लागतात, ओठांभोवती मुंग्या येतात कारण कॅल्शियम खाली जातं, बाकी फार त्रास नाही. पण त्याआधी स्टेरॉइड आणि काही केमो ठराविक दिवस बंद ठेवावी लागते, नाहीतर टी-सेल्सच मिळत नाहीत. आजार पळत असताना औषध बंद ठेवायचं म्हणजे सगळ्यांच्या जिवाची घालमेल. मग पेशी लॅबला जातात, तिथे दोन-तीन आठवडे कधी जास्तही लागतात. त्या काळात आजार आवरायला 'ब्रिजिंग' केमो देतात. आणि खूप केमो झालेल्या माणसाच्या टी-सेल्स थकलेल्या असतात, त्यामुळे कधीकधी लॅबमध्ये त्या पुरेशा वाढतच नाहीत, किंवा बॅच तपासणीत नापास होते. अगदी क्वचित विचित्र गोष्टही घडते, अमेरिकेतल्या एका तरुण पेशंटच्या बॅचमध्ये चुकून एक ल्युकेमियाची पेशी शिरली, तिच्यावरच तो हुक बसला, त्यामुळे तिची सीडी १९ ची खूण झाकली गेली, आणि काही महिन्यांनी त्या एका पेशीपासून आजार परत आला. २०१८ मध्ये हे छापून आलं. हे घाबरवायला सांगत नाहीये, बॅच पास होणं म्हणजे काय असतं आणि लॅबवाले दिवसच्या दिवस कशाला लावतात ते कळावं म्हणून. तर विचारा: आमच्या पेशी तयार व्हायला इथे खरोखर किती दिवस लागतायत, आत्तापर्यंत किती जणांच्या बॅच फेल गेल्या, फेल गेली तर परत रक्त काढता का, आणि मधल्या केमोचा खर्च कुणाचा.

पेशी आल्या की तीन दिवस हलकी केमो देतात, फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, अंगातल्या जुन्या टी-सेल्सची गर्दी कमी करून नव्यांना जागा करायला. आणि मग तो दिवस. लोक महिनाभर त्या दिवसाची वाट बघतात, देवाला नवस बोललेले असतात, आणि लिक्विड नायट्रोजनच्या टाकीतून निघते ती तळहातावर मावेल एवढी पिशवी. दोन सिस्टर पिशवीवरचं नाव, नंबर आणि पेशंटच्या मनगटावरचा पट्टा मोठ्याने वाचून ताडून बघतात, ३७ डिग्रीच्या पाण्यात ती पिशवी वितळवतात, आणि पाच-दहा मिनिटांत सलाईनसारखी आत जाते. खोलीभर लसणासारखा वास येतो, पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा, तो दोन दिवस पेशंटच्या श्वासालाही येतो. दरवेळी कोणीतरी नातेवाईक विचारतं, 'एवढंच?' एवढंच असतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पहिला त्रास म्हणजे ताप. पेशी कॅन्सरवर तुटून पडतात तेव्हा शरीरात सायटोकाइन्सचा, म्हणजे पेशी एकमेकींना चेतवायला सोडतात त्या रसायनांचा, लोंढा येतो, त्याला आम्ही सीआरएस म्हणतो, ताप, बीपी कमी होणं, ऑक्सिजन लागणं. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही पहिली लहान मुलगी, तिचा एएलएल दोनदा उलटलेला, तिला या पेशी दिल्या आणि ती व्हेंटिलेटरवर गेली, वाचेल असं वाटत नव्हतं. तपासणीत आयएल-६ हे एक सायटोकाइन प्रचंड वाढलेलं दिसलं, आणि ही थेरपी तयार करणाऱ्या टीमचे डॉ. कार्ल जून यांना संधिवातावरचं टोसिलिझुमॅब हे औषध माहीत होतं कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला तो आजार होता. ते दिलं आणि ती काही तासांत सावरायला लागली. आज आमच्या वॉर्डात प्रत्येक वेळी कार-टी पेशी यायच्या आधी टोसिलिझुमॅब फ्रीजमध्ये आहे का हे मी स्वतः उघडून बघते. तुम्हीही विचारा, औषध हॉस्पिटलमध्येच आहे की रात्री तीन वाजता बाहेरून आणायला सांगतील, आणि आयसीयूचा बेड राखीव आहे का.

दुसरा त्रास मेंदूचा. त्यासाठी आम्ही रोज पेशंटला काही साधे प्रश्न विचारतो, साल कुठलं, महिना कुठला, शंभरापासून दहा-दहा मागे मोज, पेन-घड्याळ दाखवून हे काय, आणि वहीत एक वाक्य लिही. एक साताऱ्याकडचे प्राथमिक शाळेतले गुरुजी होते, अक्षर मोत्यासारखं. रोज एकच वाक्य लिहायचे, 'आज माझी तब्येत बरी आहे'. पाचव्या दिवशी सकाळी बोलणं अगदी नीट, हसतायत, चहा मागितला, बायको म्हणाली आज छान आहेत. वहीत बघितलं तर वाक्यावर शिरोरेषा नव्हती, आणि 'तब्येत' मधला 'त' दोनदा लिहिलेला. चाळीस वर्षं मुलांना शिरोरेषा द्यायला शिकवलेला माणूस. मी वही घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेले, तासाभरात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं, दुपारनंतर त्यांना बायकोचं नाव आठवेना. दोन दिवसांनी परत शिरोरेषा आली. त्या वहीची झेरॉक्स मी अजून ठेवलीय. हे सांगायचं कारण, वॉर्डात मराठी वाचता येणारी सिस्टर आहे का, भावाची मूळ सही-अक्षर कुणी नोंदवून ठेवलंय का, हे बारीक वाटतं पण तसं नाही. आणि घरी सोडल्यावर हे काम तुमचं आहे, तुम्ही त्याचं बोलणं, चालणं ओळखता.

पुढे आठवडेच्या आठवडे रक्ताच्या पेशी कमी राहतात. नेक्सकार१९ च्या अभ्यासात जवळजवळ सगळ्यांच्याच पांढऱ्या पेशी गंभीर पातळीपर्यंत खाली गेल्या होत्या. म्हणजे इन्फेक्शनची भीती, प्लेटलेट लागणं, डोनर शोधणं. पहिले २८ दिवस तरी हॉस्पिटलजवळ राहावं लागतं. तुम्ही पंढरपूरचे, तिथून येऊन-जाऊन हे होणार नाही, खोली घ्यावी लागेल आणि दोन माणसं आळीपाळीने लागतील. 'फुकट' मध्ये हे धरलेलं नसतं. थेरपी, तपासण्या आणि तिच्यामुळे झालेल्या त्रासावरचे उपचार यांचा खर्च सहसा स्पॉन्सर (ट्रायल चालवणारी कंपनी किंवा संस्था) करतो, पण राहणं, खाणं, प्रवास, ब्रिजिंग केमो, प्लेटलेट याबद्दल प्रत्येक ट्रायलचं वेगळं असतं. तोंडी ऐकू नका, माहितीपत्रकात कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवायला सांगा.

माहितीपत्रक आणि कन्सेंट फॉर्म याबद्दल. ते घरी न्यायला मागा, मराठीत मागा, मिळणं तुमचा हक्क आहे. सही केलेली प्रतही तुम्हाला मिळायलाच हवी. फॉर्मवर नॉमिनीचं नाव लिहायची जागा असते, शिक्षण आणि वार्षिक उत्पन्नही विचारलेलं असतं. तिथे हमखास घरातल्या बायका रडायला लागतात, नॉमिनी म्हणजे आधीच मरणाची तयारी. आईला आधीच सांगून ठेवा की क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे काही इजा झाली तर स्पॉन्सरने उपचार मोफत करायचे असतात, आणि ट्रायलमुळे मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई द्यायची असते, ती कुणाला द्यायची म्हणून ते नाव. पेशंटच्या बाजूने असलेली ती ओळ आहे. आणि फॉर्मवर सीटीआरआय (देशातल्या ट्रायल नोंदवायची सरकारी यादी) नंबर असेल तो घेऊन सीटीआरआयच्या साइटवर स्वतः टाकून बघा, आपल्याकडे कुठलीही ट्रायल पहिला पेशंट घ्यायच्या आधी तिथे नोंदवावी लागते. तिथे फेज, हॉस्पिटलांची नावं, एथिक्स कमिटीची मंजुरी सगळं दिसतं. नंबर नाही, किंवा पेशींसाठी पैसे मागतायत आणि ट्रायलही म्हणतायत, तर तिथून उठून या.

कधीही बाहेर पडता येतं असंही फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं, आणि ते खरंय, पण मी सांगताना एक वाक्य जोडते: पेशी आत जाईपर्यंत. त्यानंतर तपासण्यांना नाही म्हणता येईल, पेशी परत काढता येत नाहीत. त्या वर्षानुवर्षं राहू शकतात, २०१० मध्ये दिलेल्या पहिल्या काही पेशंटमध्ये दहा वर्षांनंतरही सापडल्या. म्हणूनच पाठपुरावाही १५ वर्षांचा सांगतात. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये या थेरपींच्या माहितीपत्रकात, नंतर टी-सेलचाच कॅन्सर होऊ शकतो अशी ठळक चेतावणी घालायला लावली. प्रमाण खूप कमी आहे, आणि आत्ता उलटलेल्या एएलएलपुढे तो धोका लहान वाटतो, मलाही वाटतो. पण सांगितला गेला पाहिजे.

आणि 'कुठला दरवाजा बंद होतो' हा प्रश्न राहिला. एका ट्रायलमध्ये गेलं की बऱ्याचदा दुसऱ्या ट्रायलमध्ये घेत नाहीत. ही थेरपी लागू पडली नाही तर नंतर मंजूर कार-टी देता येईल का हे त्या वेळी खूण शिल्लक आहे का आणि अंगात किती ताकद आहे त्यावर ठरतं. उलट, लागू पडली आणि आजार हटला तर पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचा विचार आहे का, घरात डोनर नाही म्हणता तर अर्ध्या मॅचवर करतात का, भावाच्या बाबतीत तुमचीच तपासणी झालीय का, हे आत्ताच विचारा. एएलएलमध्ये अनेक डॉक्टर कार-टी कडे ट्रान्सप्लांटपर्यंत नेणारा पूल म्हणून बघतात, काही नाही बघत, त्यावर एकमत नाही आणि ते पेशंटप्रमाणे बदलतं. ट्रायलच्या डॉक्टरांशिवाय दुसऱ्या एखाद्या हिमॅटॉलॉजिस्टला (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरला), ज्याचा त्या ट्रायलशी संबंध नाही, एकदा फाइल दाखवा. चांगला ट्रायलवाला डॉक्टर याला कधीच वाईट वाटून घेत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, आजार दोनदा उलटलेला, दुसऱ्यांदा इतक्या लवकर, अशा माणसासाठी नीट चालवलेली फेज १ ही बुडत्याने धरलेली काडी नसते, बऱ्याचदा मिळेल त्यातली चांगली काळजी तिथे मिळते, कारण प्रत्येक ताप, प्रत्येक रिपोर्ट कुणीतरी वाचत असतं. पण ती कुणाच्या हातात चालतेय यावर सगळं आहे. जून २०२१ मध्ये खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात आपल्याकडची पहिली कार-टी दिली गेली, तेव्हा त्या पेशंटनेही कुणीतरी आधी बरा झालेला बघून हो म्हटलं नव्हतं. त्या फेज १ मधल्या १४ जणांमुळे आज मी तुम्हाला मंजूर थेरपीचं नाव सांगू शकतेय. आईला हे पटावं अशी अपेक्षा नाही, तिच्यासाठी तिचा मुलगा एकच आहे, आणि कुणाच्या उपकारासाठी त्याने ट्रायलमध्ये जावं असं मी म्हणणारही नाही.

शेवटी एक गोष्ट, जी तुमची पोस्ट तीनदा वाचूनही मला सापडली नाही. आई काय म्हणते ते आहे, बाबा काय म्हणतात ते आहे, तुमचं आहे. भाऊ काय म्हणतो? तो २७ वर्षांचा आहे, सही त्याची लागते, तुमची नाही. अनेक घरांत आजार पूर्ण सांगितलेलाच नसतो, आणि मग कन्सेंटच्या खोलीत त्याला पहिल्यांदा कळतं की केमो आता चालणार नाही. तसं होऊ देऊ नका. आज-उद्या त्याच्याजवळ बसा, आई नसताना, आणि त्याला काय माहीत आहे हे आधी त्याच्याकडून ऐका. मग पुढच्या अपॉइंटमेंटला त्याला आणि आईला दोघांनाही घेऊन जा, प्रश्न कागदावर लिहून न्या, उत्तरं भावालाच लिहायला सांगा. आणि मॅरोचा नवा रिपोर्ट आला की नाव आणि नंबर झाकून सीडी १९, सीडी २२ ची ओळ इथे टाका, मी रविवारी परत बघते.